मुनिमाला एक जखम हवी होती

माझ्या धाकट्या भावाला घरात मुनीम म्हणतात. नाव वडिलांनी ठेवलं. सात-आठ वर्षांचा असताना हा पठ्ठ्या संध्याकाळी दारातल्या चपला मोजायचा आणि एखादा जोड कमी दिसला की घरभर विचारत फिरायचा, कोण यायचं राहिलंय. मोठेपणी हा काय करणार हे सांगायला ज्योतिषी लागला नाही. आज तो कर्ज देणाऱ्या एका कंपनीत आहे. धंदेवाले पैसे मागायला येतात, हा त्यांचे ताळेबंद वाचतो आणि सांगतो की हा तरेल, हा बुडेल. बहुतेक वेळा त्याचं बरोबर येतं. मान पुढे आली आहे, माउस धरून धरून मनगटाला पट्टा लागला आहे, आणि सुट्टीच्या दिवशीही तो इस्त्रीचा शर्ट घालून बसतो.

मी त्याची ताई. माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, दोन्हींत माझ्या पायापाशी दुसरा ब्रेक. अर्ध्या गावाला मी क्लच सोडायला शिकवलंय आणि उरलेल्या अर्ध्याला माझा आवाज माहीत आहे. मी चिडकी आहे. लोक तसं म्हणतात आणि त्यावर माझा काही वाद नाही. पण या वर्षात मी जितकी चिडले तितकी जन्मात चिडले नव्हते, आणि ज्यांच्यावर चिडले ते सगळे माझ्याशी असे लोण्यासारखे मऊ वागतायत की भांडायचं कुणाशी तेच कळत नाही. म्हणून इथे सांगते.

एकतिसाव्या वर्षी मुनिमाच्या डोक्यात पुन्हा शिकायला जायचं आलं, त्याचं कारण त्याच्या ऑफिसात टाय घालून बसलं होतं. त्याच्याहून तीन वर्षांनी लहान पोरगा, परदेशातल्या कुठल्या तरी मोठ्या बिझनेस स्कूलमधून एमबीए करून आलेला, आल्या आल्या याचा साहेब झाला. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. मरमर मरून रिपोर्ट करायचा मुनिमाने आणि मीटिंगमध्ये उभं राहून वाचायचा या टायवाल्याने. एकदा भर मीटिंगमध्ये त्याने मुनिमाकडे वळून विचारलं, ‘हा आकडा आपण कुठून आणला रे?’ आपण म्हणे. मुनिमाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो मात्र शांतपणे बूट काढत होता.

मीच म्हटलं, जा. तुझ्यात काय कमी आहे? कर अर्ज, आण तीच डिग्री आणि मार त्याच्या टेबलावर. बिचाऱ्याने वर्षभर ऑफिस सांभाळून अभ्यास केला, प्रवेशपरीक्षेत उत्तम मार्क मिळवले. आमच्या आईलाही एकदम हुरूप आला. पण या शाळांचं असं असतं की मार्कांवर भागत नाही. निबंध लिहायचे, साहेबांच्या शिफारशी आणायच्या, मग मुलाखत. आणि वयही निघून चाललं होतं. बत्तीस-तेहतिसाव्या वर्षानंतर त्या शाळा फारसं विचारत नाहीत, म्हणजे हे वर्ष गेलं की मुनीम जन्मभर त्या टायवाल्यासाठी आकडे आणत बसणार. म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका सल्लागाराचा पत्ता दिला. तो म्हणे अर्ज वाचून सांगतो, कुणाला किती आशा आहे.

त्याला तिथे घेऊन गेले मी. कारण मुनिमाला गाडी येत नाही. ड्रायव्हिंग स्कूलवालीचा सख्खा भाऊ आणि लायसनच्या परीक्षेत तीनदा नापास. शेवटच्या वेळी तर त्याने चौकात गाडी उभी करून परीक्षकाला समोरून येणाऱ्या टेम्पोचा वेग आणि आपलं अंतर यांचा हिशोब समजावून सांगितला. हिशोब बरोबर होता, पण तोवर सिग्नल पुन्हा लाल झाला. मी त्या दिवशी हात टेकले.

सल्लागाराचं ऑफिस एका बँकेच्या वर होतं. काचेची खोली, भिंतीवर ज्यांना प्रवेश मिळाले त्यांचे हसरे फोटो, गुबगुबीत खुर्च्या, आणि टेबलाच्या मधोमध टिशूचा डबा. सर्दी झालेली माणसंच इथे येतात की काय असं मला वाटलं. सल्लागार पन्नाशीचा, आवाज मऊ, हाताची नखं छान कापलेली. त्याने मुनिमाची दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘बारा.’

‘बारा काय?’ मी विचारलं.

‘टक्के. वरच्या दहा शाळांपैकी एखादीत प्रवेश मिळण्याची शक्यता.’

तिथेच मी त्याचं नाव टक्केवारी ठेवलं. मुनीम शांतपणे मान हलवत होता. स्वतः दिवसभर लोकांना हेच सांगतो ना, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं.

‘मार्क उत्तम आहेत,’ टक्केवारी म्हणाला. ‘नोकरी चांगली, बढती वेळेवर. तीच तर अडचण आहे. फायनान्समधली मुलं पोत्याने येतात हो. सगळ्यांचे मार्क उत्तम, सगळ्यांची बढती वेळेवर. तिथे अर्ज वाचणाऱ्या बाईने सकाळपासून असे चाळीस वाचलेले असतात. तिने एक्केचाळिसावा का घ्यावा?’

‘चांगला आहे म्हणून,’ मी म्हटलं.

‘चांगले सगळेच असतात, मॅडम. लक्षात कोण राहतं ते बघायचं.’ मग तो मुनिमाकडे वळला आणि आवाज आणखी खाली नेऊन म्हणाला, ‘एक जखम लागते. आयुष्यात कधी कोसळलात? काही गमावलंत? घरात आजारपण, अपघात?’

मुनिमाने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. ‘मला एकदा कावीळ झाली होती,’ तो म्हणाला. ‘पण परीक्षा बुडली नाही.’

‘वडील?’

‘गेले. दोन वर्षं झाली. झोपेतच.’

‘वय?’

‘त्र्याहत्तर.’

टक्केवारीने नुसतं हं केलं. वडिलांनी जरा आधी आणि जरा त्रासाने जायला हवं होतं असा त्याचा चेहरा झाला. मला उठून निघून जावंसं वाटलं, पण मुनिमाकडे बघितलं आणि बसून राहिले. उलट मदतच करायला गेले. म्हटलं, हा लायसनच्या परीक्षेत तीनदा नापास झालाय आणि शिकवणारी मी होते, ते लिहा की. जगभरच्या कंपन्या तरतील की बुडतील हे सांगणारा माणूस, त्याला चौक ओलांडता येत नाही. टक्केवारी हसला आणि म्हणाला, ‘गोड आहे. पण यात रक्त नाही.’

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. तुम्ही काय करता, त्याने विचारलं. मी सांगितलं. शिक्षण? म्हटलं, कॉलेज सोडलं. कधी? म्हटलं, वडील कामाला होते तो छापखाना बंद पडला त्या वर्षी. लग्न? म्हटलं, नाही केलं. तो भराभर लिहून घेत होता. कॉलेज का सोडलं ते मी सांगायला तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाला, ‘पुरे, एवढं पुरे.’ मला वाटलं, त्याची पुढची वेळ झाली असेल. मी म्हटलं बरं, आणि गाडी काढायला खाली गेले. बहुतेक त्याच पाच मिनिटांत माझं वाटोळं झालं.

पुढे काही आठवडे मुनीम दार लावून निबंध लिहीत बसायचा. मी विचारलं, काय लिहितोस? म्हणायचा, कामाचंच गं. मीही खोलात गेले नाही. माझे सकाळचे आणि संध्याकाळचे शिकणारे, मधे गाड्यांची दुरुस्ती, मला कुठे वेळ. मग एक दिवस एका शाळेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि आईने शेजारीपाजारी सांगितलं. मीही खूश होते. त्या टायवाल्याचं तोंड कसं होईल त्याची मनातल्या मनात मजा घेत होते.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मी दुपारी जेवायला घरी आले, तर बाहेरच्या खोलीत मुनीम लॅपटॉपसमोर टाय लावून बसलेला. खाली पायजमा. पडद्यावर टक्केवारी. सराव चालला होता. मी आवाज न करता मागून स्वयंपाकघराकडे निघाले आणि ऐकलं.

‘मी दहा वर्षांचा असताना वडिलांची नोकरी गेली,’ मुनीम म्हणत होता. ‘घरात एकालाच शिकवणं शक्य होतं. माझ्या बहिणीने कॉलेज सोडलं. तिने...’

‘थांब,’ टक्केवारी म्हणाला. ‘तिने म्हटल्यावर जरा थांबायचं. श्वास घ्यायचा. मग पुढे.’

‘तिने,’ मुनिमाने श्वास घेतला, ‘गाडी चालवायला घेतली. आजही ती दिवसभर उन्हातान्हात लोकांच्या शेजारी बसून गाड्या शिकवते. तिने लग्नही केलं नाही. कर्ज मागायला आलेल्या प्रत्येक माणसात मला तिचा चेहरा दिसतो.’

‘सुंदर,’ टक्केवारी म्हणाला. ‘आता पस्तीसवर आलो आपण.’

मी पुढे झाले आणि लॅपटॉप मिटला. टक्केवारी आतच राहिला.

आता खरं काय ते ऐका. मला कॉमर्सला घातलं होतं आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जमा आणि नावे आले की मला झोप यायची. आमच्या गल्लीत एक काका बेकरीच्या पावांची व्हॅन चालवायचे. त्यांच्या शेजारी बसून मी सकाळी गावभर हिंडायला लागले, मग त्यांनी मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात दिलं, आणि मग कॉलेज नावाची गोष्ट मला उरलीच नाही. आईला वाटायचं, पोरगी लेक्चरला आहे. पोरगी पाव पोचवत असायची. इतकी सुखात मी आधी कधीच नव्हते. आणि या सगळ्यात माझा साथीदार कोण? हाच मुनीम. कोपऱ्यावर उभा राहून पहारा द्यायचा, आई खिडकीत आहे की नाही ते सांगायचा आणि बदल्यात गरम पाव खायचा. सगळं उघडं पडलं तेव्हा वडील हसले. म्हणाले, शिकतेस तर नीट शीक, अर्धवट नको. आईने मात्र कितीतरी महिने माझ्याशी अबोला धरला. छापखाना बंद पडला तो त्यानंतर, आणि वडिलांना दुसऱ्या छापखान्यात लगेच काम मिळालं. कुणाची फी अडली नाही की चूल थंड पडली नाही. लग्नाचं म्हणाल तर ज्याच्याशी करावंसं वाटलं त्याला बायकोने गाडी चालवलेली चालणार नव्हती, आणि मला तो चालला नाही. संपलं.

हे सगळं मी मुनिमाला ओरडून सांगितलं. तो पायजमा सावरत उभा राहिला. ‘माहितीये गं ताई,’ तो म्हणाला. ‘मला काय माहीत नाही?’

‘मग हे काय आहे? मी कोण आहे तुझी, भिंतीवर लावायची तसबीर? मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, अरे मी जिवंत आहे अजून.’

‘काढून टाकायला सांगितलं असतं तर काढलं असतं,’ तो म्हणाला. ‘पण आता निबंध गेले. बोलावणं त्याच निबंधावर आलंय. मुलाखतीत वेगळं बोललो तर खोटा ठरेन. सगळं जाईल, ताई.’ त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं एकही मी केलं नाही.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही त्याचे कान उपटेल. तर ती म्हणाली, ‘त्यात एवढं वाईट काय लिहिलंय? चांगलंच लिहिलंय की तुझ्याबद्दल.’

‘खोटं आहे ते, आई.’

‘तुला काय जातंय? मी वीस वर्षं नातेवाइकांना सांगतेय, तब्येतीमुळे सोडलं म्हणून. पोरगी पावाच्या गाडीवर पळाली हे कोणत्या तोंडाने सांगणार होते?’

वीस वर्षं. इतकी वर्षं मला वाटत होतं, आईच्या मनातलं केव्हाच निवळलं. माझ्या गाडीत बसून ती बाजाराला जाते, माझ्या शाळेची पाटी जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवते. आणि आत हे धरून बसली होती. त्या दुपारी मी न जेवता परत कामावर गेले आणि एका गरीब बिचाऱ्या शिकणाऱ्यावर इतकी ओरडले की त्याने वायपर लावून गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी मी टक्केवारीच्या ऑफिसात जाऊन धडकले. बाहेर तीन-चार मुलं बसली होती, सगळी मुनिमासारखीच, इस्त्रीचे शर्ट आणि भेदरलेले डोळे. आपापली जखम शोधत असणार. मी सरळ आत गेले. म्हटलं, मला न विचारता माझ्या आयुष्याचं काय केलंत तुम्ही?

त्याला राग आला नाही. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. ‘मॅडम, एक शब्द खोटा दाखवा,’ तो म्हणाला. ‘छापखाना बंद पडला हे खरं? त्या वर्षी तुम्ही कॉलेज सोडलं हे खरं? लग्न केलं नाहीत हे खरं? मी नुसतं शेजारी शेजारी ठेवलं.’

‘आणि एकालाच शिकवणं शक्य होतं, ते कुणी ठेवलं?’

‘ते तुमच्या भावाने लिहिलं. मी विचारलं, तेव्हा घरी ओढाताण होती का? तो म्हणाला, असेल बहुतेक, मी लहान होतो.’ त्याने टिशूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी रडत नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते संतापाने येतं, पण हे त्याला कोण सांगणार. ‘तुम्हाला राग येणं साहजिक आहे,’ तो म्हणाला. ‘जे घरासाठी सोसतात ना, त्यांना त्याबद्दल बोललेलं आवडत नाही. मी नेहमी बघतो.’

मी तो डबा उचलून जमिनीवर आपटला आणि निघून आले. बाहेरची मुलं उठून उभी राहिली. एवढं करून झालं काय, तर पालथ्या घड्यावर पाणी. मी मुनिमाच्या मुलाखतीच्या आड मात्र आले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मुनिमाची मुलाखत छान झाली आणि त्याला प्रवेश मिळाला. बारा टक्क्यांवाला मुनीम वरच्या शाळेत लागला. त्या टायवाल्याने त्याच्या हातात हात दिला आणि म्हणाला, आता आपण एकाच बिरादरीतले. ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम झाला, तिथे मुनीम भाषणाला उभा राहिला. हा माणूस भाडेकऱ्यांच्या सभेतही कधी बोलला नव्हता. मी शेवटच्या रांगेत होते. त्याने माझी गोष्ट सांगितली. तिने म्हटल्यावर तो थांबला, श्वास घेतला, आणि यावेळी त्याचा आवाज खरोखरच फुटला. समोरच्या दोन बायकांनी रुमाल काढले. त्यातल्या एकीने वळून माझा हात हातात घेतला. मला हात सोडवून घ्यावा लागला.

मग ते गावभर झालं. टक्केवारीने मुनिमाचा फोटो भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांगत सुटला. माझा धंदा म्हणजे माझा आवाज. शिकणारा घाबरला पाहिजे, पण ब्रेकला नाही, मला घाबरला पाहिजे, म्हणजे तो आरसा बघतो. आता मी ओरडले की लोक मऊ होतात. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘ओरडा मॅडम, मोकळं वाटेल तुम्हाला.’ एका बाईने मुलाला सोडताना मला सांगितलं, तुम्ही किती सोसलंत ते आम्हाला कळलं, याचं काही मनावर घेऊ नका. तिचा मुलगा आरसा न बघता लेन बदलत होता, ते कुणी मनावर घ्यायचं? आई मात्र तरारली होती. वीस वर्षं ज्या नातेवाइकांना टाळत होती त्यांना स्वतःहून फोन करत होती. ‘आमची मोठी म्हणजे काय विचारता,’ असं सुरू करायची. मी खोलीत आले की आवाज खाली आणायची.

आणि मग तो फोन आला. निवड झालेल्यांपैकी काहींची त्या शाळा दुसऱ्या कंपनीकडून पडताळणी करून घेतात. नोकरी खरी का, मार्क खरे का, लिहिलंय ते खरं का. एखादी गोष्ट खोटी निघाली की प्रवेश रद्द, मग तुम्ही नोकरी सोडलेली असो नाहीतर घर विकलेलं असो. मुनिमाने नोकरी सोडलेली होती. हे सगळं मला माहीत होतं, कारण त्यानेच घाबरत घाबरत सांगितलं होतं.

मी तेव्हा एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना चढावर गाडी उचलायला शिकवत होते. त्यांनी गाडी बंद पाडली होती, मागे हॉर्न वाजत होते, आणि फोनवर एक बाई अतिशय सभ्य आवाजात विचारत होती की आपण अमक्याच्या भगिनी का. मी म्हटलं हो. दोन मिनिटं आहेत का. म्हटलं, बोला. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून धरला होता. तिने दोन साध्या गोष्टी विचारल्या आणि मग म्हणाली, ‘तुम्ही शिक्षण सोडलं ते भावाच्या शिक्षणासाठी, हे बरोबर आहे का?’

मला नाही म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं ते सांगता येणार नाही. मला त्या बाईला पावाच्या गाडीबद्दल सांगायचं होतं, सकाळी रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा चौथा गिअर पडला तेव्हाचं सांगायचं होतं. हे सगळं माझं होतं. माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? आणि एका शब्दावर मुनीम घरी बसणार होता.

‘हो,’ मी म्हटलं.

‘धन्यवाद,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘फार मोठं मन आहे तुमचं.’

फोन ठेवला तरी मी ब्रेक दाबूनच धरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, तुम्ही क्लच सोडा. त्या दिवशी त्यांना चढ जमला, पण मला त्याचाही आनंद झाला नाही.

रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. मुनिमाच्या जाण्याला थोडेच दिवस राहिले होते, बॅगा खोलीत उघड्या पडल्या होत्या. मी ठरवलं होतं की आज सांगायचं. मला काही नको होतं. त्याने एकदा मान खाली घालून ‘चुकलं, ताई’ म्हणावं, एवढंच. आईच्या देखत म्हणावं. मग जाऊ दे कुठे जायचं ते.

‘पडताळणीवाल्यांचा फोन आला होता मला,’ मी म्हटलं.

मुनिमाचा घास हातातच राहिला. ‘काय सांगितलंस?’

‘हो म्हटलं. तुझ्यासाठी खोटं बोलले. आयुष्यात कुणाच्या बापाला घाबरून खोटं बोलले नाही, ते तुझ्या शाळेसाठी बोलले.’

त्याने घास परत ताटात ठेवला. ताटाकडे बघत राहिला, आणि वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘तू अजून त्याला खोटंच म्हणतेस?’

मला आधी कळलंच नाही. ‘लॅपटॉप मिटला त्या दिवशी तूच म्हणालास ना, मला माहितीये म्हणून?’

‘तेव्हा मी लहानपणी जे दिसलं तेच धरून बसलो होतो,’ तो म्हणाला. ‘नंतर मुलाखतीत बोलताना लक्षात आलं. छापखाना एका दिवसात बंद पडत नाही. त्याआधी सहा-आठ महिने पगार मागेपुढे होतात, काम कमी होतं. मी रोज बघतो अशा कंपन्या. बाबा घरी काहीतरी बोलले असणार. तू मोठी होतीस, तुला कळलं असणार. म्हणून तू आधीच बाजूला झालीस, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून कॉलेज आवडत नव्हतं असं म्हणत राहिलीस. सगळं बरोबर जुळतं.’

‘अरे गाढवा,’ मी म्हटलं, ‘मला खरंच आवडत नव्हतं. मला गाडी आवडायची. मी माझ्या मजेसाठी पळून गेले. तू, बाबा, छापखाना, कुणी माझ्या डोक्यातही नव्हतं.’

तो माझ्याकडे बघून हसला, आजारी माणसाकडे बघून हसतात तसा. मग त्याने आईकडे बघितलं आणि आईने त्याच्याकडे. दोघांच्या चेहऱ्यावर तीच एक माया होती. आईने न विचारता माझ्या ताटात वाढलं, जास्तच वाढलं. मी तोंड उघडून पुन्हा सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मी जितकं जोराने नाही म्हणेन तितकी त्यांच्या नजरेत मी मोठी होत जाणार आहे. ओरडले तरी तेच. गप्प बसले तरी तेच.

मी ताट सरकवून उठले आणि हात धुवायला आत गेले. नळ सोडला होता तरी मागून आईचं बोलणं ऐकू आलं. ती हळू आवाजात मुनिमाला सांगत होती, ‘नको काढूस तो विषय. तिला अजून त्रास होतो.’